हक्क कुणाचा, कुलूप कुणाचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी वर्ध्यात संगणकाचे वर्ग घेतो. या धंद्यातल्या माणसाला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागणारं एक वाक्य आहे : 'भाऊ, तेवढं ऑफिस टाकून द्या ना!' ऑफिस म्हणजे पत्र लिहिण्याचं, हिशेब मांडण्याचं सॉफ्टवेअर. आणि 'टाकून द्या' याचा अर्थ, पैसे न देता, कुठल्या तरी सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून टाकून द्या. हे वाक्य दहावीचा मुलगा म्हणतो, झेरॉक्सवाला म्हणतो, निवृत्त गुरुजीसुद्धा म्हणतात.

मग वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, 'माझ्याकडे कॉपी आली म्हणून कंपनीचं काय कमी झालं? तिच्याजवळची वस्तू तर तिच्याजवळच आहे.' दुसरा म्हणतो, 'चोरी ती चोरीच.' तिसरा म्हणतो, 'विद्या विकायचीच कशाला? सगळं मोफत पाहिजे.' तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही. गंमत अशी, की आपल्या जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसांनी हाच वाद संगणक येण्याच्या कितीतरी आधी घातलेला आहे. त्यांचा अनुभव आज उपयोगी पडतो.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. १९८४ साली त्यात दुरुस्ती होऊन संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'च्या व्याख्येत आला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं कादंबरी आणि सॉफ्टवेअर एकाच पंगतीत बसतात. आपण दुकानातून सॉफ्टवेअर आणतो तेव्हा सीडी विकत घेतो, पण प्रोग्राम विकत घेत नाही. तो वापरण्याची परवानगी घेतो. या परवानगीलाच लायसन्स म्हणतात. रेल्वेचं तिकीट काढलं म्हणून डबा आपला होत नाही, तसंच हे. विकत घेतलेल्या प्रोग्रामची एक प्रत, मूळ प्रत खराब झाली तर असावी म्हणून, करून ठेवायला कायद्याची मुभा आहे. पण चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवसांची कैद आणि किमान पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. झेरॉक्सच्या दुकानात आणि घरात फरक पडतो तो इथं.

पण कायद्यानं 'काय' ते सांगितलं, 'का' ते सांगितलं नाही. हक्क ठेवायचाच कशासाठी? त्यासाठी गांधीजींकडे वळू.

गांधीजींनी 'हिंद स्वराज' १९०९ साली गुजरातीत लिहिलं. त्याचा इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतःच केला आणि १९१० साली दक्षिण आफ्रिकेत, फिनिक्सच्या आपल्या छापखान्यातून तो काढला. इतर पुस्तकांवर 'सर्व हक्क स्वाधीन' असं छापलेलं असतं. या पुस्तकावर त्यांनी कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, असं छापलं. ज्याला वाटेल त्यानं छापावं, वाटावं. विचार पसरवायचा असेल तर त्याला कुलूप कशाला, असा साधा हिशेब होता. पुढे 'यंग इंडिया'तही, आपण लेखनाचे हक्क राखून ठेवत नाही, असं त्यांनी लिहिलं.

एवढंच सांगून थांबलो तर आमचा तिसरा मित्र टाळ्या वाजवेल. पण गोष्ट इथं संपत नाही. गांधीजींचं लेखन जगभर जाऊ लागलं तसे त्याचे अनुवाद होऊ लागले, काही घाईनं केलेले, काही अर्थाचा अनर्थ करणारे. अशा वेळी 'हे माझं म्हणणं नव्हे' असं म्हणायला हातात काहीतरी असावं लागतं. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. तिथं असतानाच, १९४० साली, त्यांनी आपल्या लेखनाचा हक्क अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टकडे सोपवला. कमाई स्वतःसाठी नव्हती. लेखन शुद्ध राहावं, स्वस्त राहावं आणि त्यातून येणारा पैसा कामाला लागावा, एवढाच हेतू.

म्हणजे त्याच माणसानं एकदा हक्क सोडला आणि एकदा राखला. यात विसंगती आहे का? मला वाटत नाही. दोन्ही वेळा मजकूर लोकांपर्यंत जसाच्या तसा पोचावा, हीच धडपड होती.

दुसरं उदाहरण चरख्याचं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ साली गांधीजींच्या हस्ते झालं. तिथले निरनिराळे चरखे आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असतील. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली होती. खेड्यातल्या झोपडीत चालेल असा सुधारलेला चरखा तयार करा आणि एक लाख रुपये मिळवा. त्या काळचे एक लाख! अटीही तशाच कडक होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत सोळा हजार फूट सूत, यंत्र वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि बाईमाणसाला फार न दमता दिवसभर चालवता आलं पाहिजे. या अटींमध्ये एक अट पेटंटची होती. स्पर्धकानं हवं तर स्वतःच्या खर्चानं पेटंट घ्यावं, पण बक्षीस हवं असेल तर ते पेटंट संघाच्या नावानं करून द्यावं.

ही अट मला फार शहाणपणाची वाटते. शोध लावणाऱ्याच्या कष्टांचं मोल तिनं मान्य केलं होतं, लाख रुपये देऊन. पण नंतर तोच चरखा एखाद्या कारखानदारानं अडवून ठेवू नये, याचीही तजवीज केली होती. ते बक्षीस अखेर कुणाच्याच पदरात पडलं नाही. अट मात्र लक्षात ठेवण्यासारखी राहिली.

कारण पुढे अर्ध्या शतकानं अमेरिकेत जवळजवळ हीच युक्ती सॉफ्टवेअरसाठी वापरली गेली. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरनं १९८३ साली 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम वापरण्याची, तो आतून कसा चालतो ते पाहण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मुभा सर्वांना असावी, हे त्याचं म्हणणं. नुसता हक्क सोडून दिला असता, तर एखाद्या कंपनीनं तोच प्रोग्राम उचलून, चार बदल करून त्याला कुलूप लावलं असतं. म्हणून त्यानं हक्क सोडला नाही. तो राखला आणि त्याच्या जोरावर अट घातली : तुम्हीही पुढच्याला हीच मुभा दिली पाहिजे. १९८९ साली ही अट 'जनरल पब्लिक लायसन्स' या नावानं आली. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्सनं सुरू केलेलं लिनक्स पुढे याच परवान्याखाली वाढलं. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच लिनक्स आहे. आपण लिनक्स वापरत नाही म्हणणाऱ्याच्याही खिशात ते असतंच.

तेव्हा 'मोफत' आणि 'मोकळं' यांत फरक आहे. चोरीची सीडी मोफत असते, मोकळी नसते. लिब्रेऑफिससारखं सॉफ्टवेअर दोन्ही आहे, आणि ते मराठीतही मिळतं. 'ऑफिस टाकून द्या' म्हणणाऱ्याला मी हेच टाकून देतो.

मालक हक्क सोडतो तेव्हा घेणं वेगळं, आणि त्यानं सोडलेला नसताना घेणं वेगळं. याचं उदाहरण पवनारचं घ्या. मूळ भगवद्गीता कुणाच्याच मालकीची नाही. पण 'गीताई' हा विनोबांनी केलेला अनुवाद, आणि अनुवादाला स्वतंत्र कॉपीराइट असतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क राहतो. विनोबा १९८२ साली गेले, म्हणजे २०४२ संपेपर्यंत 'गीताई'वरचा हक्क कायम आहे. 'धार्मिक ग्रंथ आहे, मोबाइलवर टाकला तर काय बिघडलं' असं कुणी म्हटलं, तर उत्तर सोपं आहे. विचारून टाका. याउलट साने गुरुजी १९५० साली गेले. 'श्यामची आई' २०११च्या पहिल्या दिवसापासून सर्वांची झाली. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत संपत आली, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. त्यामुळे गांधीजींचं लेखन १९९९ ऐवजी २००९च्या जानेवारीत खुलं झालं. नवजीवननं मुदत आणखी वाढवून मागितली नाही.

खुलं झाल्यावर एक नवी जबाबदारी येते, आणि इथं सुरक्षिततेचा प्रश्न सुरू होतो. गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजी शंभर खंड केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं १९५८ ते १९९४ या काळात काढले. १९९९ साली त्यांची सीडी निघाली. पुरवणी खंडांतला मजकूर तारखेनुसार आत मिसळून तिचे ९८ खंड केले होते. सोय झाली, पण अभ्यासकांच्या लक्षात आलं की काही नोंदी गळाल्या आहेत. गुजरात विद्यापीठातल्या दीना पटेल यांनी दोन्ही आवृत्त्या ताडून पाहिल्या. आरडाओरडा झाला आणि २००५ साली सरकारनं ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. पुढे मूळ शंभर खंडांवरून शुद्ध इलेक्ट्रॉनिक आवृत्ती तयार झाली. २०१३ साली सुरू झालेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर ती कुणालाही वाचता येते.

यातून काय शिकायचं? संगणकावरची प्रत हुबेहूब दिसते, पण ती मूळची आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. छापील पुस्तकाचं पान फाडलं तर खूण राहते, फाइलमधलं पान गेलं तर राहत नाही. म्हणून संगणकशास्त्रात फाइलचा 'ठसा' काढायची पद्धत आहे, अंगठ्याच्या ठशासारखी. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा पार बदलतो. मोकळं सॉफ्टवेअर देणारे लोक प्रोग्रामसोबत हा ठसाही जाहीर करतात. आपण उतरवलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळला, तर वाटेत कुणी हात मारलेला नाही असं समजायचं.

चोरीच्या सॉफ्टवेअरला असा ठसा कोण देणार? उलट त्याचं कुलूप तोडण्यासाठी जो 'क्रॅक' चालवतात, तो चालवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. चोराला आत घेण्यासाठी कुत्रा बांधून ठेवण्यासारखंच हे. शिवाय चोरी पकडली जाऊ नये म्हणून अशा संगणकावर अपडेट बंद ठेवतात. अपडेट म्हणजे भिंतीला सापडलेलं भोक बुजवणं. २०१७च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसनं दीडशेच्या वर देशांतले संगणक कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते अडकले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. सेवाग्रामला किंवा सावंगीला रुग्ण घेऊन गेलेल्या कुणालाही यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

विकतचं सॉफ्टवेअर घेतलं की निर्धास्त झालो, असंही नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. परवाना रीतसर असला तरी ज्या संगणकाला आता अपडेट मिळत नाही, तो बँकेच्या कामासाठी वापरू नये. तो नव्या विंडोजला पेलत नसेल, तर त्याच्यावर लिनक्स टाकून पाहावं. जुन्या संगणकावर ते बऱ्याचदा चांगलं चालतं.

आणखी एक कुलूप आपल्या मराठी माणसाच्या रोजच्या अनुभवाचं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या मराठी टंकाची अक्षररचना वेगळी असे. त्या टंकात लिहिलेली फाइल दुसरीकडे उघडली, की इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते. कितीतरी पुस्तकं, संस्थांचे अहवाल, स्मरणिका आजही अशा फाइलींत पडून आहेत. लेखन आपलं आणि कुलूप दुसऱ्याचं! युनिकोड ही कुणा एका कंपनीची मालमत्ता नाही, म्हणून त्यात लिहिलेलं मराठी कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. आपल्या संस्थेच्या जुन्या फाइली कुणाकडे असतील, तर तो जुना संगणक चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. तो बंद पडल्यावर हे काम फार अवघड होतं.

आता त्या तीन मित्रांकडे परत येऊ. 'कंपनीचं काय कमी झालं' म्हणणाऱ्याला सांगावं, कंपनीचं सोडा, धोका तुमच्याच संगणकाला आहे. 'सगळं मोफत पाहिजे' म्हणणाऱ्याला सांगावं, जे खरोखर मोकळं आहे ते भरपूर आहे, आधी ते वापरा. आणि 'चोरी ती चोरीच' म्हणणाऱ्याला विचारावं, हक्क राखला तो कशासाठी? लोकांना अडवण्यासाठी, की वस्तू खरी आणि सर्वांसाठी खुली राहावी म्हणून? सेवाग्रामच्या माणसानं १९१० आणि १९४० साली दोन वेगळी उत्तरं दिली, पण प्रश्न हाच विचारला होता. पुढच्या वेळी 'टाकून द्या' म्हणण्याआधी आपणही तो विचारावा.