जुनी वेगवान मोटार आणि तिचा विमा

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत मोटारीच्या विम्यावर लेख कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. कारण साधे आहे. आपल्या सभासदांच्या घरांतील मुले हल्ली नोकरी लागल्यावर वर्षा-दोन वर्षांतच मोटार घेतात, ती पुष्कळदा जुनी घेतात, आणि ज्यांना वेगाची हौस आहे ती मुले नव्या साध्या गाडीच्या किमतीत जुनी शक्तिमान गाडी शोधतात. गाडी पाहायला सारे कुटुंब जाते. मुलगा इंजिन पाहतो, वडील किंमत पाहतात, आई रंग व आसने पाहते. विम्याचा कागद मात्र हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात घडी घालून पडलेला असतो, आणि ‘इन्शुरन्स चालू आहे’ एवढ्या दलालाच्या शब्दावर सौदा पुरा होतो. ह्या तीन शब्दांत केवढा घोटाळा दडलेला आहे, तेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या हौशी गाड्यांपैकी कित्येक महाराष्ट्रातच तयार झालेल्या आहेत, हा योगायोग गंमतीचा आहे. औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यातून स्कोडा ऑक्टेव्हिया बाहेर पडली. तिचा २०१७ सालचा आर. एस. नमुना २३० अश्वशक्तीचा होता. चाकणची फोक्सवागेन पोलो जी. टी. २०१३ साली आली. रांजणगावच्या फियाट पुंटोचा अबार्थ अवतार २०१५ साली आला, तो १४५ अश्वशक्तीचा. आज ह्या गाड्या हैदराबादच्या जुन्या बाजारात मूळ किमतीच्या लहानशा हिश्शात मिळतात. किंमत उतरली तरी त्यांचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मोटारीच्या पूर्ण विमापत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवलेल्या असतात. आपल्या गाडीमुळे तिऱ्हाइताला इजा झाली किंवा मृत्यू आला तर त्याची भरपाई, ही पहिली. ती कायद्याने सक्तीची आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान, ही दुसरी; ती ऐच्छिक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली गेली की विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते, आणि खरेदीदाराने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करावयाचा असतो. ‘आपोआप’ हा शब्द ऐकून लोक निर्धास्त होतात. परंतु ही आपोआप बदली केवळ तिऱ्हाइताच्या भरपाईपुरती आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग हा कंपनी आणि एका विशिष्ट माणसामधला करार होय. तो माणूस बदलला की कंपनीची संमती नव्याने घ्यावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने कंप्लीट इन्शुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स ह्या प्रकरणात हेच ठरवले. तो निर्णय १९९६ च्या निर्णयसंग्रहात छापलेला आहे. त्यातील खरेदीदाराने गाडीची नोंदणी आपल्या नावावर करून घेतली होती, कंपनीला विमा बदलून देण्याविषयी कळवलेही होते. तरी कंपनीकडून बदली झालेली नसल्यामुळे अपघातात गाडीचे जे नुकसान झाले त्याचा दावा टिकला नाही. म्हणजे नुसते पत्र टाकून स्वस्थ बसणेही पुरेसे नाही. कंपनीने आपल्या नावाचे सुधारित विमापत्र हाती द्यावयास हवे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने कर्नाटकात नोंदलेली जुनी पोलो घेतली. विमापत्राची आठ महिन्यांची मुदत शिल्लक होती, ते जुन्या मालकाच्या नावे होते. बाविसाव्या दिवशी रात्री मेहदीपट्टणमजवळ गाडी घसरून एका हातगाडीवर गेली आणि नंतर दुभाजकावर आदळली. हातगाडीवाल्याचा पाय मोडला. त्याच्यासाठी दावा न्यायाधिकरणाची वाट मोकळी राहिली, कारण तो तिऱ्हाईत; कायद्याने त्याला सांभाळले. गाडीच्या दुरुस्तीचे दोन लाखांवर गेलेले बिल मात्र कंपनीने परत पाठवले, आणि ते बहिणीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून गेले. एकाच रात्री, एकाच कागदाच्या दोन अर्ध्या भागांचे दोन निरनिराळे निकाल लागले.

परराज्यातील गाडीत हा धोका अधिक असतो. पहिल्या राज्याच्या आर. टी. ओ. कचेरीचे ना-हरकत पत्र यावयाचे, मग तेलंगणाचा आजीवन कर भरावयाचा, मग नवे नोंदणीपुस्तक. ह्यात आठवडे जातात आणि खरेदीदार म्हणतो, ‘आर. सी. आली की विम्याचे पाहू.’ तसे थांबू नये. विक्रीचा ग्राह्य पुरावा, फॉर्म २९ व ३० च्या सहीच्या प्रती आणि नवा प्रस्ताव-अर्ज घेऊन पहिल्याच आठवड्यात कंपनीकडे जावे. ते जमत नसेल तर आपल्या नावे सरळ नवे विमापत्र घ्यावे आणि मगच किल्ली फिरवावी.

विकणाऱ्यानेही निश्चिंत होऊ नये. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे अशी एक मोटार आली होती की जी एकामागून एक अशा अनेक हातांत गेली होती, परंतु कचेरीच्या दप्तरात पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. त्या मोटारीखाली एक बालक मृत्यू पावले. भरपाईची जबाबदारी दप्तरात ज्याचे नाव त्याची, असे न्यायालयाने ठरवले. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधत हिंडावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही. माझ्या मते हा न्याय रास्तच आहे. कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गाडी दलालाच्या हवाली करण्याची आपल्याकडील पद्धत किती घातक आहे, हे त्यावरून कळेल. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना कचेरीत गेली की तोच मानीव मालक ठरतो. व्यापाऱ्याला ते अधिकारपत्र दाखवावयास सांगण्यात संकोच कसला?

आता नो क्लेम बोनस. पाच वर्षे दावा न करणाऱ्याला नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट माणसाची, गाडीची नव्हे. विकणारा ती आपल्या पुढच्या गाडीवर नेतो. घेणाऱ्याने नावबदल करताना उरलेल्या मुदतीचा फरक भरला पाहिजे. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी दुसऱ्याची सूट आपली म्हणून लिहिली, तर दाव्याच्या वेळी ती खोटी माहिती ठरते.

वेगवान गाडीची खरी अडचण तिच्या अंगावर केलेल्या फेरफारांत आहे. आधीच्या हौशी मालकाने इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून शक्ती वाढवलेली असते, सायलेन्सर बदललेला असतो, स्प्रिंगा छाटून गाडी खाली आणलेली असते. तिऱ्हाईत विम्याचा दर इंजिनाच्या घनफळावर ठरतो, शक्तीवर नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० घनसेंटिमीटरला ३४१६ रुपये होते, मग इंजिन गरीब असो वा पिसाळलेले. त्यामुळे हप्त्यावरून फेरफार कोणाला कळत नाही. तो कळतो अपघातानंतर, सर्व्हेयर बॉनेट उघडतो तेव्हा. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी पुन्हा स्पष्ट केली. ‘हे आधीच्या मालकाने केले’ असे सांगून फारसा उपयोग होत नाही. म्हणून सौद्यापूर्वी अधिकृत कार्यशाळेत गाडी तपासून घ्यावी. शर्यत आणि वेगाची चाचणी तर विमापत्रातून मुळातच वगळलेली आहे. बाह्य वळणरस्त्यावर मध्यरात्री पैजा लावणाऱ्यांनी ते कलम एकदा वाचावे.

गाडीची विम्यातील किंमतही समजून घ्यावी. चार ते पाच वर्षांच्या गाडीत ती मूळ किमतीच्या निम्म्यावर येते, त्यापुढे कंपनी व विमेदार मिळून ठरवतात. हप्ता कमी व्हावा म्हणून ती किंमत पाडून घेणे हे ह्या गाड्यांत विशेष महागात पडते. दुरुस्तीचा खर्च विम्यातील किमतीच्या पाऊणपटीवर गेला की गाडी संपली असे धरतात. आणि दोन हवापिशव्या, एक दिवा व पुढचा सांगाडा ह्यांनी ती मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय रबर, प्लास्टिक व हवापिशव्यांच्या किमतीतून निम्मी घट साध्या विमापत्रात कापली जातेच.

पावसाचेही सांगितले पाहिजे. १३ व १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादेतील शेकडो मोटारी पाण्यात उभ्या होत्या. पुराचे नुकसान विम्यात असते. परंतु पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहिली, पाणी आत ओढले गेले आणि इंजिन फुटले, तर ते नंतर ओढवून घेतलेले नुकसान म्हणून कंपन्या नाकारतात. खाली बसवलेल्या, हवा घेण्याचे तोंड जमिनीलगत आणलेल्या गाडीत हे लवकर घडते. अशा वेळी किल्लीला हात न लावता गाडी ओढून न्यावी. इंजिनाचे जोडकलम हप्ता भरून वेगळे मिळते.

इतके करूनही कंपनीने दावा नाकारला तर प्रथम तिच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही. लोकपालांचे कार्यालय हैदराबादेत आहे, आणि विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्यालयही आपल्याच शहरात नानकरामगुड्याला आहे. तक्रारीसोबत विमापत्र, नकाराचे पत्र, विक्रीचा कागद आणि चौदा दिवसांच्या आत नावबदलाचा अर्ज कंपनीला पोहोचल्याची स्पीड पोस्टाची पावती किंवा कंपनीचा शिक्का जोडावा. बहुतेक प्रकरणांत पहिली विचारणा त्या शेवटच्या कागदाचीच होते.