जुन्या आऊटबोर्ड मोटरचा गिअर अडतो का?

खाडीच्या मुखाशी लाटांत असताना मोटरचा गिअर पडला नाही, तर होडीसह माणसांचा जीव धोक्यात येतो. म्हणून गिअर जड लागू लागताच होडी किनाऱ्याला लावून दोष शोधावा.

प्रथम मोटर बंद करून स्पार्क प्लगच्या टोप्या काढाव्यात, म्हणजे पंखा फिरवताना मोटर चुकून सुरू होणार नाही. नंतर केबल मोटरच्या बाजूने सोडवून गिअरचा दांडा हाताने हलवावा. त्याच वेळी दुसऱ्याने पंखा हळूहळू फिरवावा. पंखा स्थिर असल्यास चांगला गिअरही अडू शकतो. दांडा सहज हलला तर दोष केबलमध्ये समजावा. खाऱ्या पाण्याने गंजलेली केबल बदलणेच योग्य. दांडा तरीही अडला तर दोष आतील जोडसळईत किंवा खालच्या गिअरपेटीत असतो.

गिअरपेटीचे तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. अशा वेळी ऑइल सील व तेल दोन्ही बदलावे. तेलात धातूचे कण सापडल्यास मोटर न वापरता कारागिराला दाखवावी.

गिअर पडून खटखट आवाजासह सुटत असेल, तर बहुधा क्लचचे दाते झिजलेले असतात. हे टाळण्यासाठी मोटर मंद चालू ठेवून गिअर एकाच झटक्यात टाकावा. हळूहळू सरकवल्यास दाते घासतात.

पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर तेल बदलावे व सांध्यांना ग्रीस लावावे. हा थोडा खर्च पुढचा मोठा खर्च वाचवतो.