केस पेपरवरचा लाल शेरा

नर्सिंग कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा मुलींनी निरोप समारंभात मला एक प्रश्न विचारला. "मॅडम, इतक्या वर्षांत तुम्हाला कुठली केस विसरता आली नाही?" त्यांना वाटलं असेल, मी एखाद्या अवघड बाळंतपणाची गोष्ट सांगेन. मी त्यांना माझी चूक सांगितली. तीच आज इथं लिहिते आहे. ज्या बाईची ही हकीकत आहे तिची परवानगी घेतली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी जीएनएम पास झाले 1986 साली. त्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी केलेल्या तपासणीतून भारतात एचआयव्ही असल्याचं प्रथम उघड झालं. आम्हा बेळगावच्या नव्या सिस्टरांना त्याचा पत्ताही नव्हता. हा रोग मुंबईचा, परदेशाचा, आपल्याकडे कुठला यायला, असंच सगळे म्हणत. पुढे मी ट्यूटर झाले आणि नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि पलीकडे सांगली, कोल्हापूर हा पट्टा एचआयव्हीच्या नकाशावर ठळक दिसू लागला. बागलकोट जिल्ह्यात 2003 साली घरोघर जाऊन रक्ततपासणीचा अभ्यास झाला, तेव्हा मोठ्या माणसांत शेकडा जवळजवळ तीन जणांना लागण आढळली. खेड्यांतही ती होती.

मराठी हा पडदा नव्हे

त्याच सुमारास एका मोठ्या रुग्णालयात मी मुलींना घेऊन लेबर वॉर्डात जात असे. तिथं गोकाककडची एक गरोदर बाई दाखल झाली. वय वीस-एकवीस, पहिलटकरीण. सासर निपाणीच्या बाजूचं, नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर. कळा येऊन थांबल्या होत्या. तिची रक्ततपासणी पॉझिटिव्ह होती. समुपदेशक बाईंनी तिला एकटीला बसवून कन्नडमध्ये सगळं नीट समजावलं होतं. ती हात जोडून एवढंच म्हणाली होती, "यारिगू हेळब्याड्री." कुणाला सांगू नका.

नियमाप्रमाणे ही गोष्ट समुपदेशक आणि उपचार करणाऱ्यांपुरतीच राहायला हवी होती. पण वॉर्डाची रीत वेगळी होती. केस पेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं एक शेरा मारला जाई आणि खाट कडेला सरकवली जाई. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

सकाळच्या राउंडला मी मुलींना त्या खाटेपाशी थांबवलं. पेशंट कन्नड, म्हणून मी मराठीत बोलले. लाल शेऱ्यावर बोट ठेवून म्हटलं, "हिचा रिपोर्ट वेगळा आहे. हिच्याजवळ काम करताना दोन ग्लोव्ह्ज घाला." खाली चटईवर तिची सासू बसली होती. ती निपाणीची. माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलणारी.

या भागात दोन भाषांत वाढलेल्या माणसानं तरी असं करायला नको होतं. आपल्या घराघरांत सून कन्नड, सासू मराठी असते. शेजारीण दोन्ही बोलते. आपण पडदा म्हणून भाषा बदलतो आणि आपलं गुपित नेमकं ऐकू नये त्याच्याच कानात जातं.

दुपारी ती खाट रिकामी दिसली. सासूनं सुनेला घेऊन दवाखाना सोडला होता.

बहात्तर तास

त्या काळी आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्यासाठी हाताशी नेव्हिरॅपिन होतं. युगांडात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1999 मध्ये आले आणि त्यावरून ही पद्धत आपल्याकडे आली. कळा सुरू झाल्या की आईला 200 मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची आणि जन्मल्यापासून 72 तासांच्या आत बाळाला थोडंसं सिरप. एवढ्यानं लागणीचा धोका जवळजवळ निम्म्यावर येई. काहीच केलं नाही तर शंभरांतल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. आमची ती बाई गोळी न घेताच गेली होती आणि ती माझ्या एका वाक्यामुळं गेली होती.

समुपदेशक बाईंनी तिचा शोध घेतला. सासरी ती नव्हती. त्याच रात्री तिला माहेरी पाठवलं होतं. तिथल्या उपकेंद्राच्या एएनएमला निरोप गेला. "एक बाळंतीण आहे, तिच्या बाळाला औषध द्यायचंय," इतकाच निरोप होता. रोगाचं नाव त्यात नव्हतं. बाळंतपण घरीच सुईणीच्या हातून झालं होतं. एएनएम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचली. बाळाचं वजन घेतलं, नाळ पाहिली, सगळ्या बाळांना देतात तसं सिरप पाजलं, आईला दुधाविषयी समजावलं आणि निघून आली. गावात कुणाला संशयही आला नाही. नर्सिंगची पाठ्यपुस्तकं मी वीस वर्षं शिकवली, पण गोपनीयता म्हणजे काय ते मला त्या एएनएमनं शिकवलं.

बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्यं बरेच महिने राहतात. त्यामुळं त्या साध्या तपासणीचा खात्रीचा निकाल अठरा महिन्यांनीच कळतो. ते दीड वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. बाळ निगेटिव्ह निघालं. मी तिला भेटायला गेले, माफी मागितली. ती कन्नडमध्ये शांतपणे म्हणाली, "बाई, लेकरू वाचलं. पण माझं घर तुमच्या बोलण्यानं गेलं." सासरच्यांनी तिला परत नेलं नव्हतं. लागण नवऱ्याकडून झालेली, पण दोष तिच्या माथी. या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

वर्गात काय बदललं

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली. सुरुवात लाल शेऱ्यापासून केली. दोन ग्लोव्ह्ज एकीसाठी आणि एक दुसरीसाठी, असं नसतं. कुणाच्या रक्तात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक पेशंटजवळ तीच काळजी घ्यायची. मग शेऱ्याची गरजच उरत नाही.

एकदा एका विद्यार्थिनीला सुई टोचली. तिचे वडील तिला घरी न्यायलाच आले. आम्ही त्यांना आकडा सांगितला. लागण असलेल्या रक्ताची सुई टोचली तरी हजारात सुमारे तिघांनाच लागण होते आणि 72 तासांच्या आत गोळ्या सुरू करून 28 दिवस घेतल्या तर तो धोकाही खूप कमी होतो. मुलीनं गोळ्या पूर्ण केल्या, कोर्सही पूर्ण केला.

पुढे गावपातळीवरच्या एका अभ्यासात मुलाखती घेणाऱ्या मुलींना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. संमतीपत्र कन्नडमध्ये होतं आणि मराठीतही. तरी सुनेच्या वतीनं सासू अंगठा द्यायला पुढे होई. आम्ही मुलींना शिकवलं, की घरात गेल्यावर आधी विचारायचं, "इथं कोण कोण मराठी समजतं, कोण कन्नड?" मग बाईला परसात किंवा विहिरीकडे घेऊन एकटीशी बोलायचं. ती नको म्हणाली तर हसून उठायचं. नकार देणारी बाईही तितकीच आपली असते.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत याच काळात देवदासी बायका स्वतः कार्यकर्त्या झाल्या. सांगलीत संग्राम आणि व्हॅम्प या संस्थांनी हे काम नव्वदच्या दशकातच सुरू केलं होतं. कंडोम कसा वापरावा हे सांगताना माझ्या शिकलेल्या विद्यार्थिनी लाजून लाल होत आणि या बायका गिऱ्हाइकाशी भांडून तो वापरायला लावत. मी त्यांना वर्गात बोलवू लागले. पहिल्या दिवशी मुली मागच्या बाकांवर सरकल्या. तास संपला तेव्हा त्यांच्या शंका संपत नव्हत्या.

आज

आजच्या मुलींना तो काळ खरा वाटत नाही. सरकारनं 1 एप्रिल 2004 पासून मोफत एआरटी सुरू केली. आधी मोजक्या रुग्णालयांत, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. पुण्यासह अनेक देशांत झालेल्या एका अभ्यासानं 2011 मध्ये दाखवलं, की वेळेवर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. 2017 पासून निदान होताच उपचार सुरू होतात. आईनं गरोदरपणात नियमित गोळ्या घेतल्या तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण शेकडा पाचांच्या खाली येतं. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2018 च्या सप्टेंबरपासून लागू आहे. मी त्या खाटेपाशी जे केलं त्याला आज कायद्यानं मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

ती बाई आज गोळ्या घेते, शिवणकाम करते. लेक विशीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या घरी आली तेव्हा मी तिला विचारलं, "तुझी गोष्ट लिहू का?" ती म्हणाली, "लिहा. पण मराठीत लिहिलं म्हणजे आमच्या लोकांना कळणार नाही, असं समजू नका."

म्हणून तुम्हालाही एवढंच सांगते. घरात कुणी गरोदर असेल तर एचआयव्हीची तपासणी बाकीच्या तपासण्यांबरोबर बिनदिक्कत करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. शंका असेल तर 1097 हा फुकट फोन आहे. आणि कुणाचा रिपोर्ट तुमच्या कानावर आलाच, तर तो तिथंच राहू द्या, मग तुम्ही घरात कुठलीही भाषा बोलत असा.