चहूंकडचें चित्र, ज्याच्या त्याच्या यंत्राप्रमाणें

वर्ध्यास लागून असलेल्या सिंदी मेघे येथील एका गल्लीची कल्पना करावी. एका घरीं मोठा टीव्ही आहे, दुसऱ्या घरीं साधा मोबाईल, तिसऱ्या घरीं मुलगा व्ही. आर. चष्मा चढवून बसला आहे. क्रिकेटचा सामना एकच. पण तिन्ही घरीं पोंचणारें चित्र मात्र सारखें नाहीं.

२०२३ सालीं जिओसिनेमानें आय. पी. एल.चे सामने मराठीसह अनेक भाषांतून विनामूल्य दाखविले. मान फिरवून चहूंकडे पाहण्याची, म्हणजे ३६० अंशांच्या चित्राची सोयही त्यांत होती. मोबाईल आंत बसवून वापरावयाचा जिओडाइव्ह चष्मा त्याच हंगामांत १,२९९ रुपयांस विक्रीस आला. अंतिम सामना एका वेळीं तीन कोटींहून अधिक प्रेक्षक पाहत होते, असें कंपनीनें जाहीर केलें.

इतक्या निरनिराळ्या यंत्रांना एकाच प्रतीचें चित्र पाठविलें, तर साधा मोबाईल अडखळेल किंवा मोठ्या पडद्यावर तें धूसर दिसेल. म्हणून चित्राच्या उंची, मध्यम व हलक्या प्रती तयार करून त्यांचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडतात. पुढचा तुकडा कोणत्या प्रतीचा हवा, हें घेणारें यंत्रच आपली कुवत व इंटरनेटचा वेग पाहून ठरवितें. पंगतींत ज्यानें त्यानें भुकेपुरतें मागून घ्यावें, तसेंच हें. या पद्धतीचें ‘डॅश’ नांवाचें आंतरराष्ट्रीय मानक २०१२ सालीं प्रसिद्ध झालें.

चहूंकडच्या चित्रांत अडचण अधिक. जगाच्या नकाशाप्रमाणें सपाट केल्यास तें ३६० अंश रुंद व १८० अंश उंच भरतें. पाहणाऱ्यासमोर एका वेळीं सुमारें ९० अंशांची चौकट असते. म्हणजे रुंदीचा चौथा व उंचीचा अर्धा, एकूण आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से पाठीमागें, डोक्यावर वा पायाखालीं राहतात. यासाठीं चित्राचे फरशीसारखे चौकोन पाडून नजरेसमोरचे स्वच्छ व बाकीचे हलक्या प्रतीचे मागवितां येतात. बाकीचे अजिबात वगळले, तर मान एकाएकी वळतांच समोर काळोख दिसेल. अशा चित्रांचें ‘ओमाफ’ हें मानक २०१९ सालीं आलें.

मात्र कोणते चौकोन स्वच्छ हवेत हें सांगतांना यंत्र पाहणाऱ्याची नजर कोणीकडे आहे, हेंही पाठविणाऱ्यास कळवीत असतें. साध्या यंत्राच्या घरींही सामना पोंचावा, हा या विद्येचा मोठा लाभ आहे. पण नजरेचा हा माग कोण जपून ठेवतो व किती काळ, याची चौकशी चष्मा विकत घेणाऱ्या घरानें आधींच करावी.