उसाच्या बेटावर आठ दिवस

शेतकरी कुटुंबाने परदेशी सहलीला जायचे म्हटले, तर पूर्वी लोक हसून सोडून देत. आता तसे राहिलेले नाही. मुलगा पुण्यात नोकरीला लागतो, सून मोबाईलवर विमानाची तिकिटे पाहते, आणि पिकाची दोन वर्षे बरी गेली की घरात विषय निघतोच. विषय निघाला की तऱ्हाही ठरलेली. तरुणांना डोंगर, समुद्र, तारेवरून घसरणे असले काही हवे असते. थोरल्यांना चार दिवस स्वस्थ बसायचे असते, पण तसे बोलून दाखवायला संकोच वाटतो. मग कोणीतरी आठ दिवसांत तीन देश दाखवणारे पत्रक आणतो आणि सगळे कुटुंब त्यामागे धावते. परत आल्यावर पाय सुजलेले असतात आणि काय पाहिले ते आठवत नाही.

ज्यांना विसावा आणि साहस दोन्ही एकाच जागी हवे आहे, त्यांनी मॉरिशसचा विचार करावा. विषुववृत्ताच्या उत्तरेस नाशिक जितके, साधारण तितकेच दक्षिणेस हे बेट आहे. लांबी सुमारे ६५ आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. एका ठिकाणी मुक्काम ठेवून सगळीकडे दिवसाउजेडी जाऊन येता येते. मुंबईहून थेट विमानाने सहा-सात तास लागतात, व्हिसा आधी काढावा लागत नाही, आणि विमानतळाबाहेर पडताच दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. शेतकऱ्याला आणखी काय हवे?

पहिला प्रश्न तारखेचा. तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल हे दिवस वादळांचे; त्यातही जानेवारी ते मार्च टाळावेत. मे महिना उत्तम. वादळे सरलेली असतात, किनाऱ्यावर दिवसा २७-२८ अंश असते आणि समुद्राचे पाणी अजून कोमट असते. आपल्याकडेही रब्बी घरात आलेली, शाळांना सुट्टी आणि मृगाला अवकाश. अक्षय तृतीयेनंतर निघून रोहिणी लागण्याच्या आत परत यावे. मशागत मात्र आधी उरकलेली असावी.

पण हे सर्वांना लागू नाही. द्राक्षवाल्यांची एप्रिलची खरड छाटणी झालेली असते, आणि मे महिन्यात काडी तयार होत असताना बाग सोडून जाणे मला पटत नाही. त्यांनी ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर पाहावा, गोडी छाटणीच्या आधीचा. तेव्हा तिथे थंडी असते, पूर्वेकडून वारे वाहतात, पाणीही गार असते. पण उसाची तोडणी चालू असते आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. डाळिंबवाल्यांनी आपला बहार पाहून ठरवावे. आंबावाल्यांना मे महिन्यात कोणी जा म्हणणार नाही.

जनावरांचा हिशेब तर आणखी आधी करावा लागतो. गाय भरवल्यापासून नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हे आपण जाणतो. मग पुढच्या मे महिन्यात जायचे असेल, तर ऑगस्टमध्ये गाय भरवताना बोटे मोजावीत. सहलीच्या आठवड्यात गोठ्यात वेत आले, तर घरच्या बाईचे मन मॉरिशसच्या वाळूत रमणार नाही, आणि ते योग्यच आहे. धार कोण काढणार, डेअरीवर दूध कोण घालणार, पाण्याची पाळी कोण सांभाळणार, हे निघण्याआधी पंधरा दिवस ठरवावे आणि त्या माणसाला दोन-चार दिवस सोबत घेऊन काम दाखवावे. पशुवैद्य, वीज कर्मचारी व डेअरी यांचे क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. ज्या शेजाऱ्यावर हे सोपवाल, त्याच्या सुगीत आपणही आठ दिवस उभे राहायचे, हे बोलून ठेवलेले बरे. भावकीत अशा गोष्टी गृहीत धरल्या की पुढे त्याच निघतात.

आता पैसा. मार्चअखेर पीककर्ज फिटल्यावर आणि खरिपाचे बी-खत बाजूला काढल्यावर जे उरेल, त्यातूनच सहल करावी. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा नियम आहे; पण हप्ता कधी येतो ते मी सांगायला नको. न आलेल्या बिलावर विमानाचे तिकीट काढू नये. सहलीसाठी सोने ठेवणे किंवा पतपेढीचे कर्ज काढणे तर मुळीच नको. दोन वर्षे दुधाच्या पैशातून थोडे थोडे आवर्त ठेवीत टाकून गेलेले कुटुंब तिथे निर्धास्त बसते. कर्ज काढून गेलेले नारळपाण्याचीही किंमत विचारत राहते. तिथला एक रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात पडतो, हे भाव विचारताना ध्यानात असू द्यावे.

सहल कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस नावाचा कर आगाऊ कापतात. तो बुडत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्यापैकी अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत आणि ही रक्कम सरकारकडेच पडून राहते. पॅन कार्डावर तिची नोंद असते. विवरणपत्र भरून ती परत मागता येते. कंपनीकडून पावती मागून घ्यावी.

कागदपत्रांचे फार अवघड नाही. पासपोर्टचे काम आता बऱ्याच ठिकाणी मोठ्या टपाल कार्यालयातही होते. आधार, शाळेचा दाखला आणि सातबारा यांवर नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असते, विशेषतः बायकांचे माहेरचे-सासरचे नाव. तिथेच अर्ज अडतात. म्हणून सहा महिने आधी सुरुवात करावी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. त्याने घाबरू नये. तो काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता आहे, मॉरिशसला फिरायला जाणाऱ्यास अडचण येत नाही. परतीचे तिकीट, मुक्कामाची पावती आणि निघण्यापूर्वी भरायचा ऑनलाइन फॉर्म यांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले अधिकारी फार कडक आहेत.

इथवर झाली तयारी. आता खरा मुद्दा, तो विसाव्याचा.

फिरतीवर असताना एका बागायतदार जोडप्याला मी सहज विचारले होते, दोघांनी मिळून शेवटचे चार दिवस बाहेर कधी काढले? मालक विचार करू लागले. बाई लगेच म्हणाल्या, “लग्नानंतर पंढरपूरला गेलो होतो, तेही दोनच दिवस. सासूबाई संगं होत्या.” त्यांची मोठी मुलगी तेव्हा लग्नाची झाली होती. अशी घरे मला गावोगाव भेटली आहेत. तीस-तीस वर्षे पहाटे चारला उठणाऱ्या बाईला विसावा कसा घ्यायचा हेच ठाऊक नसते. हॉटेलातही ती पहाटे उठून अंथरुणाच्या घड्या घालते. म्हणून सहलीचा आराखडा करताना तिचे दिवस आधी मांडावेत, मुलांचे साहस मागाहून.

आठ दिवसांपैकी निदान तीन दिवस कोरे ठेवावेत. कोरे म्हणजे गाडी ठरवायची नाही, कुठे जायचे नाही. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकच्या बाजूला घ्यावा. इकडे पाऊस कमी आणि वाराही कमी. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आत कमरेएवढे संथ पाणी राहते. पोहता न येणाऱ्या बाईनेही साडी खोचून त्यात उभे राहावे. फक्त पायांत रबरी बूट हवेत, कारण दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी बसलेला असतो. भिंतीपलीकडे मात्र प्रवाह जोरदार असतात. तिकडे पोहत कोणी जाऊ नये. मे महिन्यात सहाच्या आत सूर्य मावळतो. त्या वेळी दोघांनी वाळूत बसावे. मोबाईल खोलीत राहिला तरी चालेल; गोठ्याची खबर सकाळी एकदाच घ्यावी.

स्वयंपाक असलेली खोली स्वस्त पडते म्हणून सरसकट घेतात. मला ते मान्य नाही. तिथेही पीठ मळायचे तर घर काय वाईट होते? रस्त्यावर डाळपुरी मिळते, वाटाण्याच्या डाळीची, वर रस्सा आणि चटणी. शाकाहारी माणसाचे पोट सहज भरते. इतर पदार्थांत कोणते मांस आहे ते विचारून घ्यावे.

तरुणांसाठी साहसाला तोटा नाही. नैर्ऋत्येला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा कडा समुद्रात घुसलेला आहे. पळून आलेले गुलाम तिथे आसरा घेत, म्हणून २००८ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खालची वाट चढायला सोपी, वरची अगदी उभी, हातापायांनी चढायची. गड चढणाऱ्या पोरांना ती जमेल. थोरल्यांनी मधूनच परतावे. पहाटे निघावे आणि वाटाड्या घ्यावा. ब्लॅक रिव्हरच्या जंगलात पायवाटा आहेत. त्या बाजूला नशिबाने मॉरिशसचा ससाणाही दिसतो. १९७४ मध्ये रानात त्याचे फक्त चार पक्षी उरले होते, माणसांनी जपून त्याला वाचवले. पोहता न येणाऱ्यांना डोक्यावर काचेचे शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालता येते. कान दुखत असेल, दमा वा हृदयविकार असेल, तर नको. टाकी लावून खोल बुडी मारणार असाल, तर पुढचे चोवीस तास विमानात बसू नये. म्हणून तो कार्यक्रम शेवटच्या दिवशी ठेवू नये. प्रवासाचा विमा घेताना साहसी खेळ त्यात धरले आहेत का, हे विचारावे. बहुधा बारीक अक्षरांत ते वगळलेले असतात.

एक दिवस सगळ्यांनी मिळून शामारेलची रंगीत माती पाहावी. तांबडी, जांभळी, पिवळसर अशा छटांचे उंचवटे आहेत. जादू काही नाही; ज्वालामुखीचा काळा दगड कुजून लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. आपल्या कोकणातला जांभा याच जातीचा. तसेच राजधानीजवळच्या बो प्लाँ येथे १९९९ मध्ये बंद पडलेल्या साखर कारखान्यात संग्रहालय केले आहे. एके काळी या बेटावर दोनशेहून अधिक कारखाने होते. आज तीन उरले आहेत, पण ते बगॅसपासून वीजही करतात. आपल्या कारखान्याच्या संचालकांनी पाहण्यासारखे आहे.

आणि एक सकाळ पोर्ट लुई बंदरातल्या आप्रवासी घाटासाठी राखावी. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर हिंदुस्थानातून कराराने या बेटावर आले. बिहारकडचे सर्वाधिक, पण मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीचे आणि घाटावरचेही होते. ज्या दगडी पायऱ्या चढून ते आत गेले, त्या अजून आहेत. त्यानंतर उसाच्या फडांतून गाडी जाऊ लागली की मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. जमीन लागवडीला आणण्यासाठी ते दगड हातांनी वेचून रचलेले आहेत. ज्याने स्वतः माळरान फोडले आहे, त्याला त्या ढिगांचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. त्या मजुरांचे मराठी वंशज आज घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात आणि कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. कास्काव्हेल आणि व्हाक्वा भागात त्यांची वस्ती आहे. मोका येथे २०२३ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. कोणी ओळख काढून घरी बोलावले, तर जरूर जावे.

जाताना मात्र त्यांच्यासाठी हापूसची पेटी नेऊ नये. परवान्याशिवाय फळे, रोपे, बियाणे, माती तिथे उतरू देत नाहीत. पूजेचा नारळ आणि विड्याची पानेसुद्धा घरीच ठेवावीत. शंका असलेली वस्तू अधिकाऱ्यापुढे आपणहून मांडावी.

येताना मोह अधिक होतो. तिथला जाड ऊस पाहून दोन कांड्या पिशवीत घालाव्यात, लिचीची फांदी ओल्या कापडात गुंडाळावी, असे हात शिवशिवतात. कृपा करून असे करू नका. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला यांशिवाय असे बेणे देशात आणणे कायद्याने बंद आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. २००२ साली लोकरी माव्याने सांगली-कोल्हापूरचा ऊस पांढरा केला. २०१८ मध्ये अमेरिकेतली लष्करी अळी आपल्या मक्यावर उतरली. कीड आणि रोग हद्द विचारत नाहीत. मॉरिशसच्या उसातही डिंक्यासारखा जिवाणूजन्य रोग जुना आहे. एका कांडीतून तो आला, तर नुकसान आपल्या एकट्याच्या फडापुरते राहणार नाही. हौस असेल तर साखरेची बंद पुडी आणावी. शंख, प्रवाळही वेचू नयेत. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्वांचे बूट हॉटेलाच्या नळाखाली घासून धुवावेत, तळाच्या खाचांतली माती काडीने काढावी, आणि वाळल्यावरच ते पिशवीत भरावेत.