नैराश्याचे उपचार: ऐकीव काय, खरं काय

नैराश्यावर परिणामकारक उपचार आहेत. तरीही आपल्याकडे बहुतेक माणसं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. नैराश्य, चिंताविकार यांसारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नव्हते, असं त्यात दिसलं. डॉक्टर कमी, दवाखाना लांब, खर्च परवडत नाही, ही कारणं खरीच आहेत. पण दवाखाना गावात आहे, पैशाची अडचण नाही, तरी पाऊल उचलत नाही, अशीही घरं पुष्कळ असतात. तिथे आड येतं ते ऐकीव ज्ञान.

‘या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत’

ही भीती सर्वांत खोल रुजलेली आहे आणि ती निराधारही नाही. ती फक्त चुकीच्या गोळीवर जाऊन बसली आहे. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांची खरोखरच सवय लागते. म्हणून त्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या असतात. शेजारच्या काकांच्या चिठ्ठीवर स्वतःसाठी आणायच्या तर मुळीच नाहीत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं वेगळ्या गटातली. त्यांची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. मात्र ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, उडालेली झोप असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे थांबवताना मात्रा हळूहळू उतरवतात.

गोळ्या अर्ध्यावर सुटण्याचं एक कारण डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं आणि गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं. या औषधांचे दुष्परिणाम आधी दिसतात आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता पहिल्या आठवड्यात सुरू होते. मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. मधल्या काळात माणूस म्हणतो, ‘यानं तर उलट त्रासच वाढला,’ आणि पाकीट कपाटात जातं. दुसरी गळती होते ती बरं वाटू लागल्यावर. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या माणसानेही बरं वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं. लवकर सोडलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगायलाच हव्यात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या काळात घरच्यांचं लक्ष आणि डॉक्टरांची लवकरची भेट आवश्यक असते. आणि पूर्वी कधी झोप न घेताही प्रचंड उत्साह, बेसुमार खर्च, अखंड बडबड असे दिवस येऊन गेले असतील, तर ते न विचारताही डॉक्टरांना सांगावं. तो आजार बायपोलर असू शकतो आणि त्याची औषधयोजना वेगळी असते.

‘समुपदेशन म्हणजे गप्पा. त्याला पैसे कशाला?’

मैत्रिणीशी बोलून मोकळं वाटतं, ते मोलाचंच आहे. मानसोपचारात मात्र बोलण्याला आखणी असते. फिलाडेल्फियातले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत रुग्ण आपल्या मनात आपोआप उमटणारे विचार टिपतो. ‘मी कुणाच्या उपयोगाचा नाही’ या विचाराला पुरावा काय, याची तो समुपदेशकाबरोबर तपासणी करतो आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांत करायचं काम घेऊन घरी जातो. साधारण १२ ते २० भेटींत हे काम होतं. ते वर्षानुवर्षं चालावं, असं अपेक्षितच नसतं.

याहून साधी एक पद्धत आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. समजा, एक बाई भजनी मंडळात जायच्या थांबल्या. मग भाजी आणायला जाईनाशा झाल्या, मग फोन उचलेनाशा झाल्या. काही केलं नाही म्हणून आनंदाचं काही घडलं नाही, आणि काही घडलं नाही म्हणून मन आणखी खचलं. आपण सगळे त्यांना सांगतो, ‘मन ठीक झालं की जा.’ ही पद्धत उलट्या बाजूने सुरू होते. मन लागो न लागो, मंगळवारी संध्याकाळी मंडळात जाऊन फक्त पंधरा मिनिटं बसायचं आणि त्यानंतर कसं वाटलं ते लिहून ठेवायचं. पुढच्या आठवड्यात आणखी एक काम. कृती आधी, उत्साह मागून.

हे गोव्यात तपासून पाहिलेलं आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याची तीव्र लक्षणं असलेल्या ४९५ प्रौढांवर अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना केंद्रातल्या नेहमीच्या उपचारांसोबत अशा सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. या भेटी घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती खास प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. भेटींची ध्वनिमुद्रणं एकत्र ऐकून ती एकमेकांचं काम तपासत. मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर गाठला तरच काही होईल, या समजुतीला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही असाच प्रयत्न झाला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तिथे ‘विश्राम’ हा कार्यक्रम उभा राहिला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून आजार ओळखायला मदत केली, आधार दिला आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. अर्थात भास होत असतील, खाणंपिणं सुटलं असेल, जीव द्यायचं मनात घोळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञच गाठायला हवा.

‘तिकडे नेलं की शॉक देतात’

ही धास्ती बरीचशी चित्रपटांनी पेरली. विद्युतउपचाराचा पहिला प्रयोग १९३८ साली रोममध्ये झाला आणि सुरुवातीची बरीच वर्षं तो भूल न देताच होत असे. आज भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो करायला भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. काही काळ स्मरणशक्तीवर परिणाम होतो, क्वचित काही आठवणी परत येत नाहीत. हे रुग्णाला आधी सांगायला हवं. पण माणूस अन्नपाणी सोडून पडून आहे, औषध लागू पडत नाही, अशा वेळी हा सर्वांत लवकर गुण देणाऱ्या उपचारांपैकी एक आहे. नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांवर तो करावाच लागत नाही.

‘जीव द्यायचं विचारलं तर डोक्यात नको ते भरेल’

भरत नाही. ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’ असं शांतपणे, सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट अनेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं तर व्याख्यान देऊ नका, शपथा घालू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचा डबा आणि साठवलेल्या गोळ्या घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने इस्पितळ टाळू नका. २०१७च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि सहसा त्याला शिक्षा होत नाही.

एरवीच्या दिवसांत घरच्यांचं काम छोटं पण नेमकं असतं. गोळीची वेळ लक्षात ठेवायची, दवाखान्यात सोबत जायचं, संध्याकाळी फिरायला बरोबर निघायचं. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न मात्र टाळावा. त्या माणसाने तो स्वतःला शंभर वेळा विचारलेला असतो आणि दर वेळी अपराधीपणाच वाढलेला असतो.

कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा चालू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही बोलता येतं. रुग्ण स्वतः बोलायला तयार नसेल तर घरच्या माणसाने लावला तरी चालतो.