चाकूचा खिळा ढिला का होतो?

मिटता चाकू बहुतेकांच्या घरात असतो. शेतावर जाताना तो खिशात असतो. सुतळी कापायची, कलम करायचे, पेरू चिरायचा, सगळ्याला तो लागतो. नवा असतो तेव्हा पाते घट्ट बसते. काही दिवसांनी ते डुगडुगू लागते. मग आपण म्हणतो, "माल हलका निघाला." माल हलका असेलही. पण पुष्कळदा चूक वापरण्यात असते.

आधी चाकूची रचना पाहू. पाते मुठीच्या दोन बाजूंच्या मधे बसवतात. तिघांतून आरपार एक खिळा जातो. पाते या खिळ्याभोवती फिरते. कापताना सगळा जोर या एवढ्याशा खिळ्यावर येतो. अडकित्ता आणि कात्री यांचेही तसेच आहे.

जिथे एक वस्तू दुसरीवर फिरते, तिथे झीज आलीच. ही गोष्ट फार जुनी आहे. अजिंठ्याची लेणी आपल्याच सोयगाव तालुक्यात आहेत. तिथे गेलात तर काही लेण्यांच्या दारांच्या चौकटी नीट पाहा. दगडात गोल खळगे खोदलेले दिसतील. लाकडी दाराच्या टोकाची खुंटी त्या खळग्यात बसे आणि दार फिरे. दारे गेली, खळगे राहिले. वॉल्टर स्पिंक (1928–2019) या अमेरिकन अभ्यासकांनी हे खळगे बारकाईने पाहिले. दारे बसवण्याची रीत कशी बदलत गेली, यावरून कोणते काम आधीचे व कोणते नंतरचे, हे त्यांनी ताडले. म्हणजे फिरत्या जागेकडे नीट पाहिले की ती पुष्कळ सांगते!

आता आपल्या चाकूकडे वळू. झीज होण्याची मुख्य कारणे चार.

पहिले कारण धूळ. माती तेलात मिसळली की तिची खरड तयार होते. दर उघडझाकीला ती लोखंड घासते.

दुसरे कारण गंज. ओला चाकू तसाच मिटला की पाणी खिळ्याजवळ अडकते.

तिसरे कारण आडवा जोर. चाकूने डब्याचे झाकण उचकटायचे, खिळा उपसायचा, हे चाकूचे काम नव्हे. त्याने मुठीच्या बाजू फाकतात.

चौथे कारण झटका. मनगटाच्या हिसक्याने चाकू उघडला की पाते दर वेळी खिळ्यावर आदळते.

ढिलेपणा दोन तऱ्हेचा असतो. चाकू उघडा, पात्याची बोथट बाजू चिमटीत धरा आणि हलवून पाहा. पाते डावी-उजवीकडे हलले, तर मुठीच्या बाजू सैल झाल्या आहेत. वर-खाली हलले, तर भोक झिजून लांबट झाले आहे. कापताना जोर एकाच दिशेने पडतो, म्हणून भोक एकाच बाजूला खाल्ले जाते.

पहिल्या ढिलेपणाला उपाय सोपा. खिळ्याचे एक डोके सपाट लोखंडावर टेकवा. दुसऱ्या डोक्यावर लहान हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्या. दोन ठोके द्यावेत, पाते फिरवून पाहावे, मग पुढचे. जास्त ठोकले तर पाते आवळून बसते आणि झीज वाढते. खिळ्याच्या जागी स्क्रू असेल, तर तो थोडा थोडाच पिळावा.

दुसऱ्या ढिलेपणाला ठोकून उपयोग नाही. चाकू कारागिराकडे न्या. तो जुना खिळा काढून भोक गोल करील आणि जरा जाड खिळा बसवील. पात्याच्या दोन्ही बाजूंना पितळी वायसर टाकता येतात का, हे त्याला विचारा. लोखंडावर लोखंड घासण्यापेक्षा पितळेवर लोखंड सहज फिरते. शिवाय झिजला तर वायसर झिजतो, पाते वाचते. वायसर बदलता येतो. नवा चाकू घेतानाही बारीक खिळ्यापेक्षा जाड खिळ्याचा घ्यावा. जाड खिळ्यावर जोर जास्त जागेत वाटला जातो.

तेलाचीही निवड करावी. जवस आणि करडई आपल्या भागातली पिके, पण त्यांचे तेल इथे घालू नये. ते हवेने वाळते आणि चिकट होते. खोबरेल थंडीत गोठते. शिलाई मशीनचे पातळ तेल उत्तम. आधी रॉकेलने माती धुवावी. त्या वेळी जवळ चूल, दिवा किंवा विडी नको. चाकू कोरडा करून एकच थेंब खिळ्याजवळ सोडावा. वरचे तेल पुसावे. फळ-भाजी चिरण्याआधी पाते साबणाने धुवून कोरडे करावे.

एवढा खटाटोप कशासाठी? पैसे वाचतात, हे खरेच. पण बोट वाचते, हे त्याहून मोठे. समजा, खिळ्याजवळ पाते एका बाजूला केसाएवढे कलले. टोकाशी ते कितीतरी जास्त हलते. कापणारा एकीकडे जोर लावतो आणि पाते दुसरीकडे जाते. कधी ते अचानक बोटांवर मिटते. जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. धनुर्वाताच्या सुईसाठी लगेच दवाखान्यात जा. हळद लावून घरी बसू नका. ज्याचे पोट हातांवर आहे, त्याचे एक बोट आठ दिवस बांधलेले राहिले तर घर अडते.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की घरातला चाकू, अडकित्ता आणि कात्री बाहेर काढा. प्रत्येकाचे पाते हलवून पाहा. जे हलेल ते बाजूला ठेवा आणि उद्याच नीट करून घ्या.